उसवलेली वायर

२ मार्च, सोमवार

“काम अर्धं टाकून मी उंबरा ओलांडत नाही.”

आईंनी हे म्हटलं त्याला खूप वर्षं झाली. मी तेव्हा त्या घरात नवी होते. नात्यातल्या कुणाचं तरी लग्न होतं. आम्ही सगळे नटूनथटून जिन्यात उभे, खाली गाडी खोळंबलेली, आणि आई शिवणयंत्रावर बसून गिऱ्हाइकाच्या झग्याला दुमड घालत होत्या. सासऱ्यांनी, तेव्हा ते हयात होते, हाका मारून घसा कोरडा केला. शेवटी आतून हे वाक्य आलं आणि त्यामागून यंत्राची घरघर. आम्ही पोहोचलो तेव्हा हॉलमध्ये खुर्च्यांच्या चळती लागल्या होत्या आणि एक माणूस जमिनीवरची फुलं झाडत होता. आईंनी रिकाम्या व्यासपीठाकडे बघून समाधानाने म्हटलं, “छान झालं हो लग्न.”

आज ते आठवलं, कारण आज मी मॉनिटरची वायर मोडली.

थोडं मागचं लिहायला हवं. नवरा मला सोडून गेला तेव्हा दोन गोष्टी मागे ठेवून गेला, एक हा मॉनिटर आणि दुसरी स्वतःची आई. मॉनिटर जड होता म्हणून राहिला. आई का राहिल्या ते मला अजून नीट कळलेलं नाही. विचारलं होतं तेव्हा म्हणाल्या, “माझी गिऱ्हाइकं इथली आहेत. मशीन डोक्यावर घेऊन कुठे जाऊ?” तेही खरंच होतं. कागदावर आमचं नातं संपलं, त्याने दुसरं लग्न केलं, दूरदेशी गेला, आणि आम्ही दोघी ह्या चौथ्या मजल्यावर एकमेकींना ‘आई’ आणि ‘सूनबाई’ म्हणत राहिलो. वेगळं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

आता गिऱ्हाइकं उरली नाहीत. सुईत दोरा ओवायला आईंना वेळ लागतो, आणि जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतात. म्हणून वन्संनी, म्हणजे त्यांच्या मुलीने, त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलंय. तळमजल्याचं घर, पुढे अंगण. येत्या रविवारी न्यायला येणार. “तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा गं,” असं वन्सं म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. मी “छे, भार कसला” म्हटलं. तेवढंच म्हणता आलं.

तर वायर. मी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांची पानं जुळवते, कुठे चित्र बसवायचं, कुठे अक्षर. आज खुर्ची मागे सरकवली तर तिचं चाक वायरवर चढलं, आणि मी शहाणपणाने वायरच ओढली. पडद्यावरून लाल रंग निघून गेला. पांढरं पान निळसर हिरवं झालं, सफरचंद काळं पडलं.

“आई, हे बघा काय करून बसले.”

कपाळावरचा चष्मा नाकावर घेत त्या आल्या. “केळं हिरवं आहे. अजून पिकायचंय.”

“वायर तुटलीय. लाल रंग येत नाही.”

“मग बदल वायर.”

“बदलता येत नाही. ह्या जुन्या मॉनिटरच्या पोटातूनच ती निघते. सुटी होत नाही.”

“म्हणजे हात मोडला की माणूस टाकायचा?” त्यांनी वायर दोन बोटांत धरून कापडाचा पोत बघावा तशी चाचपली. चेंगरलेल्या जागेवर अंगठा थांबला. “हे इथे. एवढा तुकडा कापायचा, दोन्हीकडचं जोडायचं. शिलाईच आहे. मी करते.”

“अहो, रविवारी जायचंय तुम्हाला.”

“रविवार लांब आहे.”

बॅग पलंगावर अर्धी भरून उघडी ठेवलेली होती. त्यांनी ती बंद करून पलंगाखाली ढकलली. जागा हवी म्हणाल्या.

३ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे वायरवालाच म्हणतात. तो म्हणाला, “ताई, नवा मॉनिटर घ्या, कुठे नादाला लागता.”

“आई करते म्हणतायत.”

“इंजिनियर आहेत का?”

“कपडे शिवतात.”

त्याला हसू आवरेना, पण त्याने सामान काढून दिलं. डाख द्यायचं, म्हणजे कथील वितळवून तारा सांधायचं टोकदार यंत्र, डाखाच्या तारेचं रीळ, आणि गरम केली की आकसून घट्ट बसणाऱ्या बारीक नळ्या. “रंगाला रंग जोडायचा. आणि नळी आधी ओवायची, मग सांधायचं. सगळे विसरतात.”

घरी येऊन हे सगळं आईंना सांगितलं, वायरवाल्याच्या हसण्यासकट. त्यांना भलतंच खटकलं. “त्याच्यासमोर मला ‘आई’ म्हणालीस? ‘सासू’ म्हणायचं.”

“मग पुढचं सगळं रामायण सांगावं लागलं असतं.”

“हं.” मग बराच वेळ त्या चष्मा पुसत बसल्या. चष्मा चांगला स्वच्छ होता.

डाखाचं यंत्र मात्र त्यांना एकदम आवडलं. “अगं, ही तर इस्त्री!” तापल्यावर त्यांनी बोट ओलं करून त्यावर पाण्याचा थेंब टाकला, चुर्र झालं तेव्हा मान डोलावली. वायर कापायला मी त्यांची मोठी कात्री पुढे केली तर माझ्या हातावर चापट बसली. कापडाची कात्री तारेला लावायची नाही. स्वयंपाकघरातली बोथट कात्री आणली.

५ मार्च, गुरुवार

आज वायर कापली. आईंनी आधी टेपने मोजलं, मग खडूने खूण केली, मग पुन्हा मोजलं, आणि खुणेच्या अलीकडे कापली. “माया ठेवावी लागते. पुन्हा उसवायची वेळ आली तर हातात काहीतरी हवं.”

काळ्या सालीखाली इतकं काय काय असेल असं वाटलं नव्हतं. लाल, हिरवी, निळी अशा तीन जाड वायरी, बाकी सगळ्या बारीक. जाड तिघींच्या भोवती केसांसारख्या तांब्याच्या तारांची जाळी. आई म्हणाल्या, आधी कच्ची टीप. म्हणजे डाख न देता टोकं नुसती पिळून बघायची, कपडा अंगावर घालून बघतात तशी, आणि मगच पक्की शिलाई.

मी मॉनिटर लावला. लाल आला! सफरचंद लाल, केळं पिवळं. मी टाळ्या वाजवल्या. मग अक्षरांकडे लक्ष गेलं. प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याची फिकट सावली पडली होती, आणि सावलीलाही आणखी एक सावली. ‘अ’ अननसाचा, तीन वेळा.

“हे असं का दिसतंय?”

“मला तर छान दिसतंय.”

“आई, तुम्हाला एरवीही तीनच दिसतात. मला दिसतायत ना तीन.”

मी वायरवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, जाळी कशी जोडलीत? मी आईंना विचारलं, जाळी कुठाय? त्यांनी मांडीवरचा कचऱ्याचा कागद पुढे केला. त्यात तांब्याच्या तारांचा छोटासा झुबका होता. “दशा सुटल्या होत्या गं. कापून टाकल्या. दशा तशाच ठेवून कुणी शिवतं का?”

फोनवर वायरवाला इतका हसला की मलाही हसू फुटलं. आई आधी फुगल्या, मग त्यांनाही आवरेना. एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी, पोटावर हात, “बाई गं, दशा!” किती दिवसांनी हसलो आम्ही अशा.

ठेवलेली माया कामी आली. उद्या पुन्हा सोलायचं.

६ मार्च, शुक्रवार

काम पुढे सरकलं नाही. आईंनी बसल्या बसल्या विचारलं, “मी गेल्यावर माझ्या खोलीचं काय करणार?”

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हसून म्हटलं, “टेबल तिकडे हलवीन. उजेड चांगला आहे.”

“आणि मशीन?”

“ते तुम्ही न्याल ना.”

“हो, हो. नेईन की.” मग म्हणाल्या, आज डोळे दुखतायत, राहू दे.

मी बरोबर बोलले असं वाटतं. रडत बसले असते तर त्यांचा पाय निघाला नसता.

८ मार्च, रविवार

वन्सं गाडी घेऊन आल्या आणि रिकाम्या परत गेल्या.

टेबलावर वायर फाडून पसरलेली, आईंच्या बोटांना डाखाचा वास, बॅग पलंगाखाली. वन्संनी कमरेवर हात ठेवले. “आई, हे काय मांडलंयस?”

“दिसत नाही? शस्त्रक्रिया चाललीय.”

“अगं, हे तिला करू दे. तू चल.”

“मी कापलीय, मीच जोडणार. फाडून ठेवून पळून जाऊ?”

“नाकापेक्षा मोती जड झालाय हा मॉनिटर. मी हिला नवा आणून देते, आत्ता.”

“तू आणशील गं. पण हा असाच उघडा टाकून मी उठले तर मला झोप लागेल का तुझ्याकडे?”

वन्सं माझ्याकडे वळल्या, आता तूच समजाव अशा नजरेने. मी चहा टाकायला उठले. वन्संचा मला राग येत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी भावाची बाजू कधी घेतली नाही, माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन केला. मुलगी आईला न्यायला आली, त्यात वावगं काय? तिचा हक्क आहे. मोजायचाच झाला तर माझा काय आहे?

जाताना वन्सं जिन्यात म्हणाल्या, “झालं की फोन कर हं. तिचे गुडघे बघवत नाहीत मला.” मलाही बघवत नाहीत, हे मी बोलले नाही.

११ मार्च, बुधवार

जाळ्या जोडल्या, सावल्या गेल्या. पण आता लाल रंग दगा देतोय. संध्याकाळी लावावं तर कधी असतो, बहुतेक वेळा नसतो. आई म्हणतात, “जरा सैल बसलीय. उद्या उसवते, पुन्हा घालते.”

आज दुपारी एक गंमत झाली. भाजी घेऊन आले, दार उघडलं, तर आतल्या खोलीत आई मॉनिटरसमोर बसलेल्या आणि पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. चांगला पांढरा उजेड. मी चपला काढून आत जाईपर्यंत पडदा पुन्हा हिरवट निळा. “आत्ता पांढरा होता ना?” मी विचारलं.

“छे! उन्हातून आलीस, डोळे दिपले असतील.”

असेलही. आल्या आल्या त्यांनी मला परत पिटाळलं, चिकटपट्टी संपली म्हणून. आल्यावर बघते तर खणात रीळभर चिकटपट्टी होती. विसरतात हल्ली. मला काळजी वाटते. वन्संना सांगायला हवं, पण सांगवत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

काम लॅपटॉपवर बरं चाललंय. पडदा लहान, पण भागतं. संपादकबाई म्हणाल्या, कार्यालयात एक मॉनिटर पडून आहे, पाठवू का? मी म्हटलं, नको, घरचा होतोय. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. का नको म्हटलं मी?

हल्ली माझं काम संपलं की आम्ही दोघी टेबलाशी बसतो. मी वायर धरते, आई इस्त्री चालवतात. नळी ओवायला त्यांची नजर पोचत नाही म्हणून ती मी ओवते. डाख कसा द्यायचा तेही आता मला येतं. आधी तार तापवायची, मग डाख आपणहून धावत येतो. घाईने वर थेंब ठेवला तर तो नुसता बसून राहतो, धरत नाही. आईंना हे आपल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, “नव्या सुनेसारखं आहे. आधी घर तापावं लागतं.”

“तुमचं घर तर मी आले तेव्हा थंडगार होतं.”

“अगं, मी घाबरले होते तुला. शिकलेली, चष्मेवाली. पहिल्याच दिवशी माझ्या पोलक्याच्या गळ्याकडे बघत होतीस. म्हटलं, हिला वाकडा दिसला वाटतं.”

“मी तुमच्या गळ्यातली टेप बघत होते. मला वाटलं दागिना आहे.”

पुन्हा हसलो. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “माझ्या मुलाला मी दुमड घालायला शिकवलं होतं. पडद्याचं एक टोक पूर्ण केलं, दुसरं सोडून खेळायला पळाला. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.” आणि माझ्याकडे न बघता, “तुला सांगायला हवं होतं.”

मी म्हटलं, “सांगितलं असतंत तर मी आलेच नसते, आणि मग ही वायर कुणी धरली असती?”

त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि माझ्या केसांत अडकलेला तारेचा तुकडा काढला. बोटं डोक्यावर जरा वेळ राहिली. तारेचे तुकडे आणखी असावेत.

१६ मार्च, सोमवार

वन्संचा फोन. आईंनीच घेतला. “नाही गं, अजून नाही. लाल फार हट्टी आहे. ... अगं, मी काय करू? ... हो हो, झालं की लगेच.” आवाज चांगला टवटवीत होता. लेकीशी बोललं की त्यांना बरं वाटतं.

फोन झाल्यावर मी खिडकीशी उभी राहिले आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. ह्या बाईंनी आयुष्यात काम अर्धं टाकून उंबरा ओलांडला नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. माझ्या वायरीने त्यांना इथे बांधून ठेवलंय. लेक बोलावतेय, अंगण वाट बघतंय, आणि त्या चौथ्या मजल्यावर डोळे फोडून माझी वायर शिवतायत. नजर साथ देत नाही, सांधा रोज सुटतो, आणि कबूल करायला मन धजत नाही. वर मी रोज संध्याकाळी शेजारी बसून मजा घेते! मनातल्या मनात रोज म्हणते, आज होऊ नये. माणूस इतकं स्वार्थी असू शकतं.

मीच पुरं करीन. त्या नसताना. त्यांचा मान राहील अशा बेताने.

१८ मार्च, बुधवार

आई खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गुडघे दाखवायला गेल्या. जिना उतरून, त्यांच्याशी गप्पा मारून वर यायला त्यांना निवांत वेळ लागतो. मी वायर घेऊन बसले.

वरची चिकटपट्टी सोडवली. खालच्या शिलाईकडे बघत राहिले. काय काम केलंय बाईंनी! सगळे सांधे एकासारखे एक, प्रत्येकावर नळी घट्ट. फक्त लाल वायर सुटी. तिची नळी आकसवलेली नव्हती, बटण काढून ठेवावं तशी बाजूला सरकवलेली होती, आणि दोन्ही टोकांवर डाखाचा चकचकीत थेंब तसाच होता. म्हणजे बिचाऱ्यांनी जोडला असणार, आणि धरला नसणार. इतक्या वायरी धरल्या आणि नेमकी हीच धरू नये! लाल रंग त्यांना आता नीट दिसत नसावा. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवं. वन्संना तसं कळवीन.

मी टोकं एकमेकांवर ठेवली, तापवली. डाख धावत आला. नळी सरकवली, आकसवली, पट्टी गुंडाळली. मॉनिटर लावला. पान पांढरंशुभ्र. सफरचंद इतकं लाल की हात लावावा. मी वायर हलवून पाहिली, वाकवून पाहिली. लाल ढळला नाही.

आई धापा टाकत वर आल्या. “डॉक्टरीणबाई म्हणतात, गुडघ्यांना जिना चांगला. रोज एकदा उतरा, एकदा चढा. बसून राहिलात तर धरतील.” हे सांगत आत आल्या आणि पडदा पाहून उभ्याच राहिल्या.

“झालं आई!” मी म्हटलं. “थोडंसंच राहिलं होतं. तुम्हीच सगळं केलं होतंत, मी फक्त शेवटचा टाका घातला.”

त्या पडद्याजवळ गेल्या. वायर उचलून लाल सांध्यावर अंगठा फिरवला. “पक्का आहे.”

“तुम्हीच शिकवलंत.”

“हो. शिकवलं.” वायर खाली ठेवली. “घाई होती का गं तुला?”

“नाही हो. तुम्हाला मोकळं करायचं होतं.”

“मोकळं.” त्या खुर्चीत बसल्या. “केलंस हो मोकळं.”

मग त्यांनी इस्त्री गार झालीय ना ते पाहून तिची वायर गुंडाळली, डाखाचं रीळ, नळ्या, सगळं एका पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड दोऱ्याने बांधलं. मला वाटलं, आनंद होईल. त्यांच्या कामात हात घातला ते आवडलेलं दिसत नाही. कारागीर माणसाचा अभिमान. मीच हात दाखवून अवलक्षण केलं.

वन्संना त्यांनीच फोन केला. “झालं गं. ये.” एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

मॉनिटर उत्तम चालतोय. मी सगळी पानं तपासली, एकाही चित्रावर मन लागलं नाही.

आई सकाळपासून घरभर फिरतायत. निरोप घेत असाव्यात. दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या, नळ उघडून बंद केले, खिडकीच्या पडद्यांच्या दुमडी उलट्या करून टाके न् टाके बघितले. माझं कपाटसुद्धा उघडलं आणि एकेक कपडा उजेडात धरला.

“तुझं काही उसवलेलं नाही का गं?”

मी कौतुकाने म्हटलं, “नाही आई. तुम्ही सगळं नीट करून ठेवलंय.”

“एखादं बटण? खिसा?”

“काही नाही. अगदी निश्चिंत मनाने जा तुम्ही.”

त्यांनी कपाटाचं दार लावलं आणि बॅग पलंगाखालून ओढायला गेल्या. मी वाकून ओढून दिली. जेवताना मी दोनदा वाढलं, दोनदा त्यांनी “पुरे” म्हटलं, आणि दोन्ही वेळा मी वाढल्यावर खाल्लं.

२० मार्च, शुक्रवार

वन्सं संध्याकाळी येणार. आत्ता दुपार आहे. आई आत आहेत, दार लोटलेलं आहे, आतून घडी घालताना कापड झटकल्याचा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच येत नाही.

मी काय करतेय? टेबलाशी बसून लिहितेय. आज सकाळपासून त्यांना थांबवायला एखादं कारण शोधतेय, आणि सापडत नाही. जिन्याचं म्हणावं, तर डॉक्टरीणबाईंनी जिना चांगला म्हटलं तेवढ्यावर कुणी राहतं का? एकटेपणाचं म्हणावं, तर लेकीच्या घरी माणसं आहेत, इथे मी दिवसभर पडद्याकडे तोंड करून बसते. कामाचं म्हणावं, तर घरात काम शिल्लक नाही, त्यांनी स्वतः तपासलंय. नात्याचं म्हणावं, तर ते मी आणि त्यांचा मुलगा मिळून सही करून संपवून आलो. जिला लेक आहे तिने सुनेकडे, तीही पूर्वीच्या सुनेकडे, का राहावं? जगात कुणालाही विचारा.

मघाशी मी मुद्दाम त्यांच्या खोलीत गेले, मशीन बांधायला दोरी देते म्हणून. मशीन अजून उघडंच होतं, सुईत दोरा ओवलेला. मी म्हटलं, “दोरा काढू का?” त्या म्हणाल्या, “राहू दे. मी बघते.” आणि माझ्याकडे असं बघत राहिल्या, की मी काहीतरी बोलणार आहे आणि त्या ऐकायला थांबल्यात. मी दोरी पलंगावर ठेवून बाहेर आले. त्यांची चिडचिड अजून गेलेली नाही असं दिसतं.

पण बाहेर येऊन बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. वन्संनी त्यांना “चल” म्हटलं. मुलाने, जाताना, “तुझं तू बघ” म्हटलं. मी इतक्या वर्षांत त्यांना काहीच म्हटलेलं नाही. त्या राहिल्या, मी राहू दिलं. त्या निघाल्या, मी बॅग ओढून दिली. मी कधी मागितलंच नाही.

मागितलं तर नाही म्हणतील. अगदी प्रेमाने म्हणतील, “वेडी आहेस का सूनबाई, काहीतरीच,” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवतील, आणि वन्सं खाली हॉर्न वाजवतील. माहीत आहे मला. लेकीचं सोडून माझं का ऐकतील? नाही म्हटलं तरी चालेल. त्यांनी नाही म्हणावं म्हणून का होईना, एकदा माझ्या तोंडून जायला हवं.

वाक्य कसं करायचं ते ठरवत होते. किती तरी खोडली. सगळ्यांत ‘कारण’ होतं. शेवटी जे उरलं ते इथे लिहिते, म्हणजे आत जाईपर्यंत विसरायचं नाही, आणि दार ढकलून तेवढंच म्हणायचं:

आई, वन्संना मी जेवायला घालते, गाडीपर्यंत सोडायलाही जाते. तुम्ही मात्र जाऊ नका. काम काहीच नाही. नुसत्याच राहा माझ्याजवळ.